बालकांची वाढ आणि पालकांचा धीर

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात वाचलेले भाषण)



यंदाच्या संमेलनात शिशुसंगोपनावर चार शब्द बोलावेत अशी आज्ञा कार्यकारिणीने केली, तेव्हा प्रथम आम्हांस संकोचच वाटला. आम्ही ना वैद्य, ना शिक्षणशास्त्रज्ञ. दोन मुलांचे आई-बाप एवढाच काय तो आमचा अधिकार. आणि तो अधिकार या सभागृहात बसलेल्या बहुतेकांना आमच्याहून अधिक वर्षांचा आहे. तथापि गेल्या दोन वर्षांत आमच्या हातून एक चूक घडली, ती या मंडळाच्याच एका उपक्रमाच्या निमित्ताने घडली, आणि ती सुधारण्यासही याच मंडळातील एका वडील बाईंचे साहाय्य झाले. तेव्हा ही हकीकत सांगावयाची तर याच व्यासपीठावरून सांगावी, असे आम्हां उभयतांस वाटले. भाषण आमच्यापैकी एकजण वाचीत असला, तरी ते लिहिले आहे दोघांनी मिळून, हे आरंभीच नमूद करितो.

आमच्या धाकट्या कन्येस पुढील महिन्यात दोन वर्षे पूर्ण होतील. घरात तिला सर्वजण छकुली म्हणतात. येथेही तिला त्याच नावाने ओळखू या. तिच्या जन्माच्या सहाव्या रात्री आमच्या मातुःश्रींनी प्रथेप्रमाणे सटवीची पूजा मांडली. पाट मांडला, दिवा लावला, आणि कोरा कागद व लेखणी ठेविली. त्या रात्री सटवाई येऊन बालकाच्या कपाळी त्याचे भाग्य लिहिते, हा आपल्याकडील पिढ्यान् पिढ्यांचा समज. सकाळी पाहावे तो कागद अर्थातच कोरा! तो उचलून ठेवताना आमच्या मनात आले की, हा कागद वाया का घालवावा? आम्ही त्यावर पहिली ओळ लिहिली: ‘जन्मवजन २ किलो ८०० ग्रॅम.’ पुढे तो कागद एका वहीत चिकटविला, आणि त्या वहीत आम्ही आठवड्यातून एक-दोनदा, सुचेल ते लिहीत गेलो. आजचे भाषण म्हणजे त्या वहीचे सार होय.

मुलाच्या वाढीची टिपणे ठेवण्याची कल्पना काही आमची नव्हे. उत्क्रांतिवादाचा जनक चार्ल्स डार्विन याच्या घरी १८३९ च्या डिसेंबरात पहिला मुलगा झाला, तेव्हा त्या थोर शास्त्रज्ञाने कीटक-पक्ष्यांकडे पाहावे तितक्याच बारकाईने त्याच्याकडे पाहून टिपणे केली, आणि सदतीस वर्षे ती जपून १८७७ साली एका नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्यात एक मौजेची नोंद आहे. बापाने काढलेले चित्रविचित्र आवाज ऐकून ते मूल आधी खुशीत असे. परंतु साडेचार महिन्यांच्या सुमारास एके दिवशी बापाने घोरण्याचा मोठा आवाज काढताच ते एकदम गंभीर झाले आणि रडू लागले. दुसरी नोंद अशी की, बरोबर वर्षाचा झाल्यावर त्या मुलाने खाण्यासाठी स्वतःचा असा एक शब्द बनविला, आणि तो शब्द होता ‘मम्’! सातासमुद्रापलीकडील ते बाळ आणि आपल्या घरातील ‘मंमं’ मागणारी बाळे यांचे हे नाते वाचून आमच्या मातुःश्रींना हसू आवरेना. त्या म्हणाल्या, “मंमं शिकवायला त्या साहेबाला आपल्याकडची आजी भेटली असेल.”

आमचा थोरला मुलगा छकुलीहून चार वर्षांनी मोठा. त्याच्या वेळी वही नव्हती. त्याची गरजही भासली नाही. तो वेळेवर झोपे, वेळेवर जेवे, कोणीही हात पुढे केला की झेप घेई. पाचव्या महिन्यात पालथा पडला, आठव्यात रांगू लागला, अकराव्यात चालला. त्याच्या नवव्या महिन्यात आपल्या मंडळाच्या सुदृढ बालक स्पर्धेत आम्ही त्याचे नाव घातले. वजन भरले १० किलो! पहिले पारितोषिक मिळाले. फीत लावलेल्या त्या गुबगुबीत बालकाचे छायाचित्र त्या वर्षीच्या स्मरणिकेत छापून आले, आणि आजही ते आमच्या दिवाणखान्यात टांगलेले आहे. त्या दिवसापासून आमची एक गोड समजूत झाली होती. मुले वाढविण्याची कला आम्हांस साधली आहे, असे आम्ही समजत होतो. वस्तुतः कला आमची नव्हती. मूलच तसे होते. पण हे कळण्यास दुसरे मूल व्हावे लागले.

छकुली पहिल्या दिवसापासून निराळी. नव्या हातात गेली की अंग आखडून घेई. न्हाऊ घालणाऱ्या बाई बदलल्या तेव्हा आठ दिवस न्हाणीघरात आकांत झाला. दोन महिन्यांची झाल्यावर ती ओळख देऊन हसू लागली, पण ते हसू क्षणात मिळत नसे. आधी ती टकमक पाहत राही, समोरच्याचा चेहरा जणू वाचून काढी, आणि मग एका बाजूने ओठ हलत. थोरल्याचे हसू सर्वांसाठी खुले होते. हिचे मिळवावे लागे. वहीत तिसऱ्या महिन्यातील एक ओळ आहे: ‘आज पाळण्यावरच्या चिमणाळ्याकडे बराच वेळ पाहत होती. आम्ही हलविला तर रडली. थांबविला तर पुन्हा पाहू लागली.’ त्या वेळी आम्ही एवढेच लिहिले. अर्थ ध्यानी आला नव्हता.

लवकरच घरात विशेषणांची सुरुवात झाली. ‘रडकी’, ‘हेकट’, ‘माणूसघाणी’! नातलग येत, मुलीला घेऊ पाहत, ती रडे, आणि आम्हीच ओशाळून म्हणत असू, “हिचा स्वभावच मुळी चिडका.” पाच महिन्यांच्या बालिकेस आम्ही तिच्या देखत नावे ठेवीत होतो! शब्द तिला कळत नव्हते खरे. परंतु शब्द उच्चारताना आमच्या चेहऱ्यावर उमटणारी नाराजी तिला कळत नव्हती असे आता आम्हांस म्हणवत नाही.

याच सुमारास तज्ज्ञांनी या विषयावर काय म्हटले आहे ते वाचण्याचा योग आला. न्यूयॉर्क येथे अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मानसोपचारज्ञ दांपत्याने १९५६ पासून शंभराहून अधिक मुलांचा तान्हेपणापासून पुढे अनेक वर्षे अभ्यास केला. त्यांना असे आढळले की, मुलांच्या वागण्याची ठेवण पहिल्या काही महिन्यांतच दिसू लागते. शंभरांतील सुमारे चाळीस मुले सहज रुळणारी, सुमारे दहा सांभाळण्यास अवघड, आणि सुमारे पंधरा अशी की नव्या माणसापुढे वा नव्या गोष्टीपुढे ती आधी मागे सरतात आणि सवड मिळाली की हळूहळू रुळतात. उरलेली पस्तीस कोणत्याच एका कप्प्यात बसत नाहीत. या पंधरांच्या वर्णनात आम्हांस आमची छकुली हुबेहूब दिसली. त्याहून महत्त्वाचा त्यांचा निष्कर्ष असा की, स्वभाव कोणता यावर मुलाचे हित-अहित ठरत नसून, तो स्वभाव आणि घरच्यांची वागणूक यांचा मेळ बसतो की नाही, यावर ते पुष्कळसे ठरते. आमच्या घरी तो मेळ बसत नव्हता. दोष मुलीकडे नव्हता.

हे वाचले, पटलेही. पण वाचलेले अंगी येण्यास वेळ लागतो. आमच्या चुकीची खरी हकीकत यापुढेच आहे.

सहावा महिना पूर्ण झाल्यावर उष्टावण झाले. सहा महिने आईच्या दुधावाचून दुसरे काही द्यावयाचे नाही, हे डॉक्टरांनी सांगितले होते आणि ते आम्ही कसोशीने पाळले होते. २०१७ साली कायद्यात दुरुस्ती होऊन प्रसूतीची पगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे झाली, तिचा आमच्या घरी प्रत्यक्ष लाभ झाला, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. वर्षाच्या आत मध चाटवू नये, त्यातून क्वचित् जीवघेणा विषार होऊ शकतो, हेही डॉक्टरांनी बजाविले होते. जन्मानंतर सोन्याच्या अंगठीने मध चाटविण्याची आमच्या घरची रीत. परंतु कारण समजताच मातुःश्रींनी सोने बालिकेच्या कपाळाला टेकविले आणि मधाची वाटी देवापुढेच ठेविली. जुन्या पिढीला नवे पटत नाही, ही तक्रार करण्यापूर्वी आपण कारण नीट समजावून सांगितले होते काय, हे प्रत्येकाने स्वतःस विचारावे.

उष्टावणानंतर मऊ भात, वरणाचे पाणी, नाचणीची पेज असे सुरू झाले. छकुली खाई, पण चिमणीसारखी. आठव्या महिन्यात तिचे वजन ७ किलो १०० ग्रॅम भरले. इकडे मंडळाचे परिपत्रक आले: तीन महिन्यांनी संमेलन, आणि संमेलनात सुदृढ बालक स्पर्धा. आमच्या दिवाणखान्यातील छायाचित्र भिंतीवरून आमच्याकडे पाहतच होते. भावाने पहिले पारितोषिक मिळविले, बहिणीने निदान तिसरे तरी मिळवावे, असे आमच्या मनाने घेतले. आणि आम्ही तिला भरवू लागलो.

सभ्य स्त्री-पुरुषहो, ‘भरवणे’ हा शब्द आपल्या भाषेत किती वत्सल आहे! परंतु त्या महिन्याभरात आमच्या घरी जे चालले होते त्याला तो शब्द शोभणार नाही. एकजण हात धरी, दुसरा चमचा पुढे करी. ती तोंड फिरवी. आम्ही मोबाईलवर गाणे लावून तिचे लक्ष वेधीत असू आणि तोंड उघडले की घास सारीत असू. तान्ह्या मुलांस पडद्यापुढे बसवूच नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ सालीच सांगितले आहे, हे ठाऊक असूनही! पंधरा दिवसांत वाटी-चमचा पाहताच ती दोन्ही ओठ घट्ट मिटू लागली. वहीत त्या महिन्यात एकच नोंद आहे: ‘आज अर्धी वाटी गेली.’ काय गेली, कोणाच्या पोटात गेली, आणि त्यापायी आमच्यातून काय गेले, याचा हिशेब त्या ओळीत नाही.

नववा महिना पूर्ण झाला तेव्हा गोवर-रुबेलाची लस टोचण्यासाठी डॉक्टरांकडे गेलो. वजन भरले ७ किलो १५० ग्रॅम. महिनाभराच्या झटापटीचे फळ पन्नास ग्रॅम! आम्ही घाबरून टॉनिकची मागणी केली. डॉक्टरांनी टॉनिक लिहून दिले नाही. त्यांनी एक तक्ता पुढे ओढला.

त्या तक्त्याची माहिती थोडक्यात सांगणे इष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतील बालकांची मोजमापे घेतली. आपल्या देशातील बालके नवी दिल्लीची होती. आईचे दूध, स्वच्छ परिसर आणि योग्य काळजी लाभली तर देशोदेशींची मुले पहिल्या पाच वर्षांत साधारण सारख्याच गतीने वाढतात, असे त्यातून दिसून आले. आणि त्यावरून २००६ साली वाढीचे तक्ते प्रसिद्ध झाले. या तक्त्यांनुसार वर्षाच्या मुलीचे मध्यम वजन ८ किलो ९०० ग्रॅमच्या आसपास असते. परंतु ७ किलोपासून साडेअकरा किलोपर्यंतचे वजन साधारण मर्यादेतच गणले जाते. मुलांचे मध्यम वजन मुलींहून थोडे अधिक असते, म्हणून दोघांचे तक्तेच निराळे आहेत. म्हणजे आम्ही जी तुलना करीत होतो, भावाच्या दहा किलोंशी बहिणीच्या सात किलोंची, ती गणितदृष्ट्यादेखील चुकीची होती.

डॉक्टरांनी आमच्या वहीतील आकडे त्या तक्त्यावर एकेक करून ठिपक्यांनी मांडले. जन्माचा ठिपका, पाचव्या महिन्यातील ६ किलोंचा ठिपका, आठव्या महिन्यातील ठिपका. ते जोडताच मध्यम रेषेच्या खालून, पण तिच्याशी समांतर जाणारी सुरेख रेषा उमटली. केवळ शेवटचा ठिपका किंचित खाली होता. डॉक्टर म्हणाले, “मुलगी आठ महिने आपल्या वाटेने नीट चालली होती. या एका महिन्यात काय केलंत?”

आम्ही जे केले ते सांगितले. त्यांनी रागावावे अशी आमची अपेक्षा होती. ते रागावले नाहीत. त्यांनी एवढेच सांगितले की, काय द्यावयाचे आणि केव्हा द्यावयाचे हे तुम्ही ठरवा. किती खावयाचे हे तिला ठरवू द्या. अमुक एका दिवसाचे वजन म्हणजे वाढ नव्हे; रेषा कोणत्या दिशेने जाते ती वाढ. रेषा सपाट झाली वा खाली वळली तर मात्र एक दिवसही न दवडता दाखवावयास आणा.

घरी येऊन आम्ही स्पर्धेसाठी भरलेला अर्ज मागे घेतला. दुसऱ्या दिवशी जमिनीवर जुने धोतर अंथरले, छकुलीला त्यावर बसविले, पुढ्यात ताटलीत मऊ भाताची चार शिते आणि गाजराचा उकडलेला तुकडा ठेवला, आणि आम्ही आपापली जेवणे घेऊन शेजारी बसलो. तिने चमचा कोठे दिसतो का ते पाहिले. मग एक शीत बोटाने दाबले. दुसरे चिमटीत धरण्याचा यत्न केला, ते निसटले. तिसरे तोंडात गेले. त्या दिवशी तिच्या पोटात किती गेले ते सांगता येणार नाही. बराच भात कोपरापर्यंत आणि केसांत होता. मातुःश्री प्रथम नाराज होत्या, पण मग त्यांनीच ताटलीत आणखी दोन शिते ठेविली. आठवड्याभरात मिटलेले ओठ उघडले. दहाव्या महिन्यात वजन साडेसात किलो आणि वर्षाच्या वाढदिवशी बरोबर ८ किलो झाले. ठिपका पुन्हा आपल्या रेषेवर आला.

आता गेल्या वर्षीच्या संमेलनाची गोष्ट. छकुली तेव्हा अकरा महिन्यांची होती. याच सभागृहात आम्ही तिला घेऊन आलो. प्रेमापोटीच, पण ती या हातातून त्या हातात गेली. कोणी गालगुच्चा घेतला, कोणी उंच उडविले. पाचव्या हाताला तिने जो टाहो फोडला तो आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल, कारण व्यासपीठावर अहवालवाचन चालू होते. आम्ही तिला घेऊन बाहेरच्या व्हरांड्यात गेलो. आमच्या कानी शब्द आले: “भाऊ किती गुणी, आणि ही!”

व्हरांड्यात मंडळाच्या एक वयोवृद्ध बाई बसल्या होत्या. त्यांचे नाव घेणे त्यांना रुचणार नाही. त्यांनी मुलीकडे हात पुढे केला नाही, तिच्याशी बोलल्याही नाहीत. त्यांनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला, तो आपल्यासमोर फरशीवर ठेवला, एक किल्ली बोटाने हलविली, आणि दुसरीकडे पाहत बसल्या. छकुली आईच्या खांद्यावरून वळून पाहू लागली. दहा मिनिटे गेली. बाई अधूनमधून किल्ली हलवीत. छकुलीकडे मात्र पाहत नसत. मग तिने खाली उतरण्याची खूण केली. ती तेव्हा रांगत नसे. बसल्या बसल्या एका हाताने रेटा देऊन पुढे सरके. तशीच सरकत, मध्ये दोनदा थांबत, ती त्या जुडग्यापाशी गेली. तिने किल्लीवर बोट ठेवले. आणि मग, ज्ञातिबंधूंनो, तिने मान वर करून त्या बाईंकडे पाहिले आणि ते एका बाजूचे हसू हसली. आत घंटा वाजून स्पर्धेचा निकाल जाहीर होत होता. आम्ही तो ऐकला नाही.

बाई आम्हांस म्हणाल्या, “पोर रडकं नाही हो. पारखून घेतं. घेऊ द्यावं.”

मोठमोठ्या अभ्यासांतून जे निघाले तेच या माउलीने आठ शब्दांत सांगितले. त्या रात्री आम्ही वही उघडून तिसऱ्या महिन्यातील ती ओळ पुन्हा वाचली. चिमणाळे आम्ही हलविले की ती रडे, थांबविले की पाही. ती तेव्हाच सांगत होती की, मला माझ्या गतीने पाहू द्या. सांगणारी तीन महिन्यांची होती. ऐकणाऱ्यांस आठ महिने लागले.

आठ ते दहा महिन्यांच्या सुमारास मुलांच्या बुद्धीतही एक मोठे स्थित्यंतर घडते. स्वित्झर्लंडचे ज्याँ पियाजे यांनी आपल्याच तीन मुलांचे निरीक्षण करून ते मांडिले. लहान बालकाच्या देखत खेळणे कापडाखाली झाकले, तर ते शोधण्याची खटपट ते करीत नाही. दृष्टीआड झालेली वस्तू जणू नाहीशीच होते. पुढे ते कापड दूर सारून वस्तू काढू लागते. आमच्या थोरल्याने, कोणी न सांगता, हा प्रयोग केला. सहाव्या महिन्यात त्याने खुळखुळ्यावर दुपटे टाकले. छकुली दुसरीकडे पाहू लागली. नवव्या महिन्याच्या अखेरीस दुपटे टाकताच तिने ते ओढून फेकले आणि दादाकडे विजयी मुद्रेने पाहिले. आपल्या आज्या पिढ्यान् पिढ्या मुलांशी ‘बुवा-कुक’ खेळत आल्या; दिसेनासे झालेले माणूस परत येते, हा धडाच त्या देत होत्या. याच वयात आई नजरेआड होताच मूल रडते आणि परके माणूस पाहून बिचकते. तो हट्ट नव्हे. आपले माणूस कोणते हे कळू लागल्याचे ते लक्षण आहे.

वर्ष झाले तरी छकुली चालेना. आत्याबाई चाकांची बैठक असलेला वॉकर घेऊन आल्या. डॉक्टरांनी तो परत करविला. त्यात बसलेली मुले पायऱ्यांवरून गडगडून जबर जखमी होतात, म्हणून कॅनडाने २००४ साली त्याच्या विक्रीवरच बंदी घातली. आपला जुना लाकडी पांगुळगाडा निराळा. तो उभे राहू शकणाऱ्या मुलाने धरून ढकलावयाचा. पूर्वी सांगितलेल्या अभ्यासात असेही दिसले की, निरोगी मुले साधारण सव्वाआठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत केव्हाही चालू लागतात, आणि शंभरांतील सुमारे चार हातगुडघ्यांवर रांगतच नाहीत. छकुली त्या चारांतली.

सोळा महिने पूर्ण होऊन बारा दिवस झाले होते. दुपारची वेळ होती. तिच्याकडे कोणाचेच लक्ष नव्हते. मातुःश्री पाट घेऊन शेंगा सोलीत होत्या. दिवाणाला धरून उभी असलेली छकुली दिवाण सोडून सात पावले चालली, आजीच्या पुढ्यातील एक शेंग उचलली, आणि खाली बसली. मातुःश्रींनी आरडाओरडा केला नाही, कोणास हाक मारली नाही. त्यांनी दुसरी शेंग जरा दूर ठेविली. आम्हांस ही वार्ता संध्याकाळी कळली. वहीत ती नोंद मातुःश्रींनी स्वतःच्या हाताने केली आहे.

येथे एक खुलासा अवश्य केला पाहिजे. ‘धीर धरा’ याचा अर्थ ‘डोळे मिटून बसा’ असा कोणी घेऊ नये. नऊ महिने उलटूनही मूल आधाराशिवाय बसत नसेल, दीड वर्षाचे होऊनही चालत नसेल, आवाजाकडे वळत नसेल, वर्षाचे होऊनही नावाला ओ देत नसेल, नजरेला नजर देत नसेल, अथवा आलेली गोष्ट विसरू लागले असेल, तर ‘आमच्याकडे सगळेच उशिरा बोलतात’ असे म्हणून वेळ दवडू नये. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी, लहानग्यांची तर अंगणवाडीतच, होते. अशा तपासणीत कमीपणा मानण्याचे कारण नाही. धीर आणि दुर्लक्ष यांत फरक आहे. आणि तो फरक वहीच्या साहाय्याने ओळखता येतो, कारण वही अंदाज करीत नाही, ती तारीख सांगते.

आपल्या महाराष्ट्रात बालकाला ‘व्यक्ती’ म्हणून मान देण्याचे कार्य थोर स्त्रियांनी केले आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीस ग्राम बालशिक्षा केंद्र काढले; पुढे अनुताई वाघांसह त्या कार्याचा विस्तार कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी पाड्यांच्या अंगणापर्यंत केला. शाळेत मूल येत नसेल तर शाळा मुलाकडे नेऊ, हा त्यांचा बाणा. मुलाने आपल्याकडे यावे म्हणून त्याला ओढण्यापेक्षा आपण त्याच्या अंगणात जाऊन बसावे, हेच व्हरांड्यातील त्या बाईंनीही केले.

आता कार्यकारिणीपुढे नम्रपणे तीन सूचना ठेवितो. पहिली, सुदृढ बालक स्पर्धेऐवजी पुढील वर्षापासून ‘बालक तपासणी’ ठेवावी. प्रत्येक मुलाचे वजन, उंची व डोक्याचा घेर मोजून तो तक्त्यावर मांडावा आणि तक्ता पालकांच्या हाती द्यावा. पारितोषिकाची रक्कम तक्ते व वजनकाट्यासाठी खर्चावी. आपल्या ज्ञातीत डॉक्टरांची वाण नाही. दुसरी, संमेलनात एक शांत खोली मुलांसाठी राखावी. चटई, चार खेळणी आणि एखादी बसून राहणारी आजी एवढे पुरे. तिसरी सूचना आम्हां सर्वांसाठीच आहे. मुलांना, विशेषतः मुलींना, त्यांच्या देखत विशेषणे लावू नयेत आणि भावंडांची तुलना करू नये. गुबगुबीत बालकाचे पारितोषिक ज्यांनी मिरविले, तेच ही सूचना करीत आहेत. हे स्मरून तिचा विचार व्हावा.

ते छायाचित्र आम्ही उतरविलेले नाही; त्यात त्या मुलाचा काय अपराध? त्याच्या शेजारी आता दुसरी चौकट लागली आहे. तीत वजनाचा तक्ता आहे, आणि मध्यम रेषेखालून जाणारी छकुलीची रेषा आहे.

आज ती या सभागृहात मागच्या रांगेत आजीच्या मांडीवर बसली आहे. डार्विनच्या मुलाप्रमाणे तिनेही एक शब्द बनविला आहे: किल्ल्यांना ती ‘छुम्’ म्हणते. कोणत्याही शब्दकोशात तो सापडणार नाही. पण आमच्या घरी आता सर्वजण दाराच्या ‘छुम्’ शोधतात. सभा संपल्यावर आपण तिला भेटावे, अशी आमची इच्छा आहे. मात्र एक विनंती: हात पुढे करू नये. जवळ बसावे, आणि थोडे थांबावे. ती येईल.